पंखा फिरू दे, पण सावकाश

लॅमिंग्टन रोडला नवा पीसी जुळवायला गेलात की प्रोसेसर ठरल्या ठरल्या काउंटरवरून विचारणा होते, "लिक्विड लावून देऊ का?" लिक्विड कूलरचा रुबाब मोठा, दिवे झगझगीत. पण त्याच्याही रेडिएटरवर पंखेच असतात आणि वर पंपाची घरघर वेगळी. ऑफिसचं काम, थोडं एडिटिंग आणि रात्री एखादा गेम एवढ्यासाठी तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आवाज असतो पंख्याच्या वेगात. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, आवाज मात्र साधारण 15 डेसिबलने उतरतो. म्हणून पंखा मोठा आणि संथ हवा, आणि उष्णता पसरायला फिन्स भरपूर. ती तिथवर पोचवतात तांब्याच्या हीटपाइप. आत नावापुरतं पाणी असतं. खाली वाफ होते, वर फिन्सपाशी पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या सच्छिद्र अस्तरातून परत येतं. पंप नाही, बिघडायला फारसं काही नाही.

रायझन 5 7600सोबत खोक्यात येणाऱ्या छोट्या कूलरला या नळ्याच नाहीत. चिपवर 65 वॉट लिहिलेलं असलं तरी ती 88 वॉटपर्यंत ओढते, आणि मग तो बिचारा किंचाळतो. इथे डीपकूल एके400सारखा चार नळ्यांचा टॉवर पुरतो. त्याहून तापट चिप असेल तर थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन घ्या: सहा नळ्या, दोन पंखे. नॉक्टुआचा 2014चा एनएच-डी15 आजही उत्तम, पण थर्मलराइट बऱ्याच कमी पैशांत त्याच्या अगदी जवळ जातो. शिवाय नॉक्टुआची उंची 165 मिलिमीटर. आधी कॅबिनेटची मर्यादा बघा, नाहीतर बाजूचं झाकण लागणार नाही.

परदेशी रिव्ह्यूंमधले आकडे गार खोलीतले असतात, हेही ध्यानात ठेवा. तिथे 22 अंशांच्या खोलीत 70 दाखवणारी चिप मे महिन्यात नागपुरात, 40 अंशांच्या खोलीत, त्याच कामाला 88च्या आसपास जाणार. घाबरू नका, 7600ची मर्यादा 95 आहे.

खरी कटकट वेगळीच. ब्राउझर उघडला की चिपचं तापमान क्षणात उडी मारतं, पंखा भुर्रकन चढतो आणि लगेच उतरतो. दिवसभर हे चढउतार ऐकण्यापेक्षा एकसुरी घोंघावणं परवडलं! बायोसमध्ये फॅन कर्व्ह उघडा, 65 अंशांपर्यंत रेघ सपाट ठेवा आणि पंख्याने वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबावं असा पर्याय असेल तर तो चालू करा. महागड्या कूलरचा आवाजही या दहा मिनिटांअभावी छळतो, आणि दुकानदार हे कधीच करून देत नाही.

आणि हो, कूलरच्या बुडाला प्लास्टिकची फिल्म असेल तर बसवण्याआधी सोलून काढा. ती तशीच ठेवून "माल बोगस निघाला" म्हणत दुकानात परतणारे कमी नाहीत.