दोन वह्या वेगळ्याच राहू द्या

आमच्या मंडळीच्या कचेरीत दोन वह्या असतात. एक जुनी, कापडी पुठ्ठ्याची, सभासदांची. तिच्यात बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदी आहेत. दुसरी साधी शाळकरी वही, चर्चच्या मागच्या खोलीत भरणाऱ्या संध्याकाळच्या वर्गाच्या हजेरीची. माझं म्हणणं एवढंच आहे, की दुसऱ्या वहीतलं एकही नाव पहिल्या वहीकडे ढकललं जाऊ नये. आणि पहिल्या वहीत नाव घालायला जो मोठा माणूस स्वतःहून येतो, त्याला दारात ताटकळत ठेवू नये. आज बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं चाललेलं दिसतं. मुलांच्या बाबतीत घाई आणि मोठ्यांच्या बाबतीत आढेवेढे.

मी नगरची. शहराचं सरकारी नाव आता अहिल्यानगर झालं आहे, तोंडात मात्र नगरच बसलेलं आहे. प्राथमिक शाळेत शिकवण्यात नोकरीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर हा वर्ग हाती घेतला. पाच ते सात, शनिवार-रविवार सोडून रोज. येणारी मुलं कचरा वेचणाऱ्या बायांची, स्टँडवर बोरं-पेरू विकणाऱ्यांची, वीटभट्टीवरच्या मजुरांची. दिवाळी झाली की त्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांची भर पडते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि पलीकडे बीडचे आष्टी-पाटोदा या भागांतून टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यांच्या फडांवर राहतात. काही जण मुलांना बरोबर नेतात. ती मुलं कोपीत राहतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात, वाढ्याच्या मोळ्या बांधतात आणि त्यांची शाळा त्या वर्षापुरती सुटते. पुष्कळदा ती कायमचीच सुटते. काही जण मुलांना आजीकडे किंवा शहरातल्या नातेवाइकाकडे ठेवून जातात. या मुलांची शाळा चालू राहते, पण पाच-सहा महिने त्यांच्याकडे बघणारं कुणी नसतं. धोक्यातलं मूल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रेल्वे फलाटावरचं अनाथ पोर येतं. आमच्या भागातलं धोक्यातलं मूल आईबाप असलेलं, शाळेत नाव असलेलं, अंगात गणवेश असलेलं असतं.

मुलींचा धोका वेगळा. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला. मुलगा हाताशी आला की त्याचा कोयता पुरा करायला बायको लागते. मुलीच्या आईबापालाही तिला गावात एकटी ठेवून जाण्याची धास्ती असते. म्हणून आठवी-नववीतल्या मुलींची लग्नं हंगामाच्या तोंडावर उरकली जातात. याला नुसतं अडाणीपण म्हणून भागत नाही. त्यामागे रोखीचा हिशेब आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय त्या आजीशी बोलताच येत नाही.

आमच्या वर्गातली एक मुलगी अशीच दिवाळीआधी यायची बंद झाली. घरी गेलो तर आजी म्हणाली, ‘पाव्हणे बघून गेले, बाई.’ पाळकांच्या पत्नी, त्या वस्तीतल्या अंगणवाडीसेविका आणि मी, अशा तिघी आजीशी कितीतरी वेळ बोलत बसलो. मुलीचा बाप फोनवर ऐकेना. शेवटी मुलांच्या मदतवाहिनीला, १०९८ ला, फोन लावला. बालकल्याण समितीपुढे आईबापांनी लिहून दिलं, लग्न थांबलं, मुलगी वसतिगृहात राहिली. आज ती दहावीत आहे. ती रविवारच्या उपासनेला येत नाही, यावं असं आम्ही कधी सुचवलंही नाही. तिच्या घरी खंडोबा आहे. चंपाषष्ठीला ती आमच्यासाठी भरीत-रोडगा घेऊन आली, आम्ही सगळ्यांनी खाल्ला. मंडळीतल्या दोघा-तिघांना ते रुचलं नाही. मला मात्र त्या दिवशी आमचा वर्ग योग्य मार्गावर आहे याची खात्री पटली. जे मूल आपल्या घरचा सण आमच्यापर्यंत बिनधास्त आणतं, त्याला आमच्याकडून कसली भीती नाही.

‘मग चर्चला याचा फायदा काय?’ असा प्रश्न मंडळीच्या सभेत आला होता. विचारणारा माणूस भला होता, पैसे देणाराही होता. त्याला मी नगरचाच इतिहास सांगितला. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये नगरला ठाणं मांडलं. मिस सिंथिया फरार यांनी इथे मुलींची शाळा चालवली. जोतीराव फुल्यांनी ती शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. जोतीराव स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते. ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज. आता मिशनच्या सभासदांची वही काढून कुणी विचारलं, की जोतीरावांपासून तुम्हाला फायदा काय झाला, तर त्या वहीत उत्तर सापडणार नाही. महाराष्ट्रातल्या मिशन शाळांचं सगळ्यांत मोठं फळ त्यांच्या सभासदांच्या यादीबाहेर आहे. मला त्याची खंत वाटत नाही, अभिमान वाटतो.

दुसरा इतिहास जास्त कठीण आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. बाई स्वतः १८८३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या होत्या. सदनात धर्माची सक्ती नाही, असं त्यांचं वचन होतं, आणि सक्ती त्यांनी केली नाही. पण त्यांच्या प्रार्थनेला मुली येऊन बसत, काहींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊ लागला. १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई मला फार जवळच्या आहेत. स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायची तर दार लावून विश्वास लपवायचा कशाला, हे त्यांचं म्हणणं मला कळतं. पण मुली काढून नेणाऱ्या बापांचं मनही मला कळतं. आपलं मूल दुसऱ्याच्या छपराखाली असतं तेव्हा त्या छपराच्या मालकाची साधी आवडसुद्धा मुलाच्या मनावर वजन टाकते. जेवण देणाऱ्याला खूश ठेवावं, हे पोराला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून निराधार मुलांच्या कामात सक्ती नसणं पुरेसं नाही, जास्तीचं अंतर राखावं लागतं. याच रमाबाई पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि मरणाच्या दारातल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. तेव्हा कुठलाच वाद घालायला फारसं कुणी त्या मुलींजवळ नव्हतं, हेही तितकंच खरं आहे.

आमच्या वर्गाचे नियम यातून आले. वर्गात बायबलचा पाठ नाही. तो रविवारी शब्बाथ शाळेत, मंडळीतल्या मुलांसाठी, त्यांच्या आईबापांच्या संमतीनं. संध्याकाळी फक्त पाढे, वाचन, गृहपाठ आणि शेंगदाण्याचा लाडू. खोलीत कायम दोन मोठी माणसं, दार उघडं. एकट्या माणसाला मुलांबरोबर थांबू द्यायचं नाही, मग तो पाळक असो की देणगीदार. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो काढायचे नाहीत. या शेवटच्या नियमावरून सगळ्यांत जास्त भांडण झालं, कारण देणगी देणाऱ्याला फोटो हवा असतो. बालन्याय कायदा काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई करतो. आमचा वर्ग त्या कायद्याखालची संस्था नाही, तरी मुलाची अब्रू तीच. आणि काही गैर कानावर आलं तर ‘मंडळीची बदनामी नको’ म्हणून आपसांत मिटवायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांबद्दलच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक केलं आहे, न कळवणं गुन्हा आहे. चर्चनं या बाबतीत इतरांपेक्षा जास्त कडक असायला हवं, कारण चर्चवर लोक डोळे मिटून विश्वास टाकतात.

आता पहिल्या वहीकडे येते. नगरला लष्कराची मोठी छावणी आहे. दूरदूरच्या राज्यांतल्या जवानांची ख्रिस्ती कुटुंबं बदलीवर येतात. दवाखान्यांत नंदुरबार-नवापूरकडच्या नर्स येतात. खेड्यातून शहरात आलेली घरं असतात. आणि कधी कधी ख्रिस्ताविषयी वाचून, विचार करून, एकटाच येणारा कुणी असतो. ही माणसं मागच्या बाकावर बसतात. उपासना संपली की जुनी घराणी आपापल्या घोळक्यांत बोलू लागतात, आणि मागच्या बाकावरचा माणूस चपला शोधत निघून जातो. कुणी वहीत नाव घालायला आलाच, तर आधीच्या मंडळीचं पत्र आणा, अमक्याची शिफारस आणा, वर्गणी किती महिन्यांची भरणार, आडनाव काय, मूळ गाव कोणतं. मूळ गाव का विचारतात, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जात आमच्या दारातून आत आली आहे आणि बाकांवर बसली आहे. बापाच्या दफनासाठी जागा मागायला आलेल्या माणसाला ‘तुमचं नाव वहीत नाही’ असं ऐकावं लागलेलं मी पाहिलं आहे.

नव्या माणसाची चौकशी करूच नये, असं मी म्हणत नाही. सभासदत्व ही गंभीर गोष्ट आहे, ते ठरवायला वेळ द्यायलाच हवा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर काही वर्षांनी, त्यांचं मन त्यांच्या वाटेनं तिथवर पोचलं तेव्हा. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ती वाट ठाऊक आहे. सोवळं सुटायलाच किती दिवस लागले. टिळकांनी अखेरीस, १९१७ मध्ये, ‘देवाचा दरबार’ ही संघटना काढली ती बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही बरोबर घेऊन. शंभर वर्षांपूर्वी त्यांना जे जमलं, ते आम्हाला सभासद-अर्ज छापूनही जमत नाही. वेळ देणं आणि बाहेर उभं करणं यांत फरक आहे. प्रभुभोजनाला बसण्याआधी शिकवण असावी, पण उपासनेनंतरच्या चहाला कसली शिकवण लागते?

आमच्याकडे आता एक साधी व्यवस्था आहे, ती इतर मंडळ्यांनी घ्यावी असं मला वाटतं. नवीन कुटुंब आलं की त्याच आठवड्यात मंडळीतल्या एका घरानं त्यांना जेवायला बोलवायचं. पंचांपैकी कुणी नाही, साधं घर. आणि महिन्याभरात त्यांना एखादं काम द्यायचं. ईशान्येकडून आलेल्या एका जवानाच्या पत्नीला मराठी येत नव्हतं. ती आमच्या वर्गातल्या मुलांना गणित शिकवू लागली, मुलांनी तिला मराठी शिकवलं. दीड वर्षानं बदली झाली तेव्हा सगळ्यांत जास्त रडली ती पोरंच. पाहुणा म्हणून आलेल्याला मानाचा नारळ देऊन बसवून ठेवलं की तो पाहुणाच राहतो.

नगरच्या ख्रिस्ती समाजाजवळ पैसा बेताचाच आहे. पण निवृत्त शिक्षक, नर्स, कचेरीतले कारकून यांची आमच्यात रेलचेल आहे, आणि धोक्यातल्या मुलांना नाताळच्या केकपेक्षा यांची जास्त गरज आहे. एकल आईला किंवा नातवंडं सांभाळणाऱ्या आजीला सरकारच्या बालसंगोपन योजनेतून मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. ते मिळत नाहीत, कारण मृत्यूचा दाखला नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, बँकेचं खातं नाही, आणि तहसील कचेरीत रोजगार बुडवून कितीदा जाणार? आमचे एक निवृत्त भाऊसाहेब फक्त हेच करतात. अर्ज भरतात, आजीला रिक्षात घालून नेतात, खिडकीपाशी उभे राहतात. त्यांनी आयुष्यात कधी भाषण केलं नाही. आमच्या मंडळीतली सगळ्यांत मोठी सेवा तीच आहे, असं माझं ठाम मत आहे.

येशूच्या शिष्यांमध्ये थोर कोण यावरून वाद झाला, तेव्हा त्यानं एका लेकराला मध्ये उभं केलं. त्या लेकराचं नाव, गाव, धर्म शुभवर्तमानात कुठेही लिहिलेलं नाही.

ऊसतोडीच्या गाड्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात. आपल्या चर्चची, देवळाची, मशिदीची, समाजमंदिराची खोली संध्याकाळी रिकामी असते का, हे वाचकांनी आपापल्या समितीला त्याआधी विचारावं. असेल तर किल्ली मागून घ्यावी, दोन निवृत्त माणसं गाठावीत, आणि वस्तीतल्या अंगणवाडीसेविकेला विचारावं, की या हंगामात कोणाकोणाची मुलं मागे राहणार आहेत. तिच्याकडे यादी असते.