माळाला नांगर लावू नका

आधी कबुली देतो, मग भांडतो.

२०२३च्या मे महिन्यात इंदापूर तालुक्यातल्या माझ्या मामाच्या तीन एकर माळापैकी एक एकर मी ट्रॅक्टर लावून नांगरून घेतला. ऊस लावायला नाही, प्लॉटिंग करायलाही नाही. चिंकारांना आणि तित्तरांना खायला मिळावं म्हणून. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो आणि शेती यूट्यूबवर शिकतो. त्या उन्हाळ्यात माझ्या फीडमध्ये अमेरिकेतले टर्कीचे शिकारी आले होते.

तिकडे याला 'फूड प्लॉट' म्हणतात. जंगलाच्या कडेचा एक तुकडा साफ करायचा, माती तपासायची, आम्लता जास्त निघाली तर चुना टाकायचा, रोटर फिरवायचा आणि क्लोव्हर पेरायचं. मग तिथे रानटी टर्की चरायला येतात. झुडपाआड बसलेला माणूस मादीसारखा आवाज काढतो, नर पिसारा फुलवून पुढे येतो, आणि धाड. मी फक्त शेवटची धाड वगळली आणि बाकी सगळं जसंच्या तसं उचललं.

मामा म्हणाला, "आरं, गवताला कोण पेरतं का? आन् नांगर घालून काय मिळणार तिथं? मुरूम निघंल." मी त्याला 'हॅबिटॅट' समजावून सांगितलं. भाचा शिकलेला, म्हणून तो गप्प बसला. ती त्याची चूक. बाकीच्या सगळ्या माझ्या.

वीतभर मातीखाली मुरूमच निघाला. बाजरी आणि हुलगा पेरला. त्या वर्षी ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला, आणि ऑक्टोबरअखेर सरकारने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत बारामती आणि इंदापूर दोन्ही होते. बाजरी गुडघ्याच्या वर गेली नाही. पण जी चार कणसं भरली त्यांच्यावर तित्तर आले. मी रील टाकली, लाइक्स मिळाले. दिवाळीला गावी गेलो तर बांधाच्या कडेने खुंट्यांना बांधलेले नायलॉनचे फासे होते आणि खाली पिसं पडलेली होती.

फासे कुणी लावले हे शोधण्यात मला रस नाही. दाणा मी टाकला होता.

म्हणून माझं पहिलं म्हणणं: फूड प्लॉट म्हणजे आमिष. अमेरिकन शिकारी त्याबाबत प्रामाणिक तरी आहे. जनावर बंदुकीच्या टप्प्यात यावं हे तो लपवत नाही. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, तरी फासे आहेत, मोकाट कुत्री आहेत. विखुरलेल्या पाखरांना एका एकरात गोळा करणं म्हणजे त्यांची यादी बनवून शिकाऱ्याच्या हातात देणं. आपल्याकडचा जुना शिकारीही पिंजऱ्यातला पाळीव तित्तर ओरडायला ठेवायचा आणि भोवती फासे मांडायचा. माझी बाजरी हा तोच पिंजऱ्यातला तित्तर होता.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेत टर्की परत आल्याच की! आल्या, आणि आज त्या लाखोंच्या संख्येत आहेत. पण क्लोव्हर पेरल्यामुळे नाही. शिकारीवर कडक मर्यादा आल्या, तोडलेली जंगलं पुन्हा वाढली, आणि रानटी पक्षी जाळ्यात पकडून रिकाम्या झालेल्या जंगलांत नेऊन सोडले गेले. १९३७च्या एका कायद्याने रायफली आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा या कामांकडे वळवला. यूट्यूबवर यातलं काहीच दिसत नाही. दिसतो तो फक्त रोटर, कारण रोटर विकायचा असतो.

दुसरं म्हणणं मातीबद्दल. बारामती-इंदापूरचा जिरायती पट्टा पर्जन्यछायेत येतो. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. अशा पातळ मातीवर मारवेल, पवन्या, कुसळी उभी राहतात, कारण त्यांची मुळं वर्षानुवर्षं तिथेच असतात. वरचं पान वाळलं तरी खाली बुडखा जिवंत राहतो आणि पहिल्या पावसाला फुटतो. मोज्यात घुसणाऱ्या कुसळाला आपण शिव्या देतो, पण त्याच्याकडे नीट बघा. बीला एक पिळदार शेपूट असतं. ओल लागली की पीळ सुटतो, ऊन लागलं की पुन्हा बसतो, आणि त्या उलटसुलट फिरण्याने बी स्वतःला मातीत खुपसून घेतं. या गवताला पेरणी स्वतःची स्वतः येते. मी त्याच्यासाठी तासाच्या भाड्याने ट्रॅक्टर आणला होता.

माझ्या त्या एकरात आज गाजर गवत आहे. उकरलेली जमीन त्याला फार आवडते. शेजारच्या न नांगरलेल्या दोन एकरांत दुष्काळातही गवत होतं. आखूड, पिवळं, पण होतं.

तिसरं म्हणणं, आणि खरं भांडण इथे आहे. माझ्या डोक्यात हे आलं कुठून? एका शब्दातून: 'पडीक'. सातबाऱ्यावर पडीक, सरकारी नकाशात पडीक, सत्काराच्या भाषणात 'ओसाड माळ'. डेटाबेसमध्ये एका कॉलमला चुकीचं नाव दिलं की त्यावर लिहिलेला प्रत्येक प्रोग्राम चुकतो, आणि कुणालाच चूक सापडत नाही, कारण प्रत्येकाचा कोड बरोबर असतो. माळाचं तसंच झालं आहे. जमीन रिकामी आहे असं एकदा मानलं की कुणी सोलर लावतो, कुणी प्लॉट पाडतो आणि कुणी पुण्य कमावतो. २०१९ला राज्यात ३३ कोटी झाडं लावायची मोहीम होती. तेव्हा मीही कॉलेजच्या मुलांबरोबर माळावर खड्डे खणले होते. सेल्फी अजून फोनमध्ये आहे. झाडं माळावर नाहीत.

जून-जुलैत आपण कुदळ घेऊन जातो, तेव्हाच तित्तर, लाव्या आणि चंडोल जमिनीवर अंडी घालून बसलेले असतात. धाविक पक्षी तर उघड्या जमिनीवरच घरटं करतो. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारे भोवत्या ससाणे रात्री गवतात, जमिनीवर झोपतात. चिंकाराला धावायला आणि लांबचा लांडगा दिसायला मोकळं रान लागतं. झाड ही चांगली गोष्ट आहे, पण ती प्रत्येक ठिकाणी चांगली नाही. दिवाणखाना रिकामा दिसतो म्हणून आपण त्यात मका लावत नाही.

"मग शेतकऱ्याने माळ नुसता ठेवायचा का?" हा प्रश्न खरा आहे आणि त्याला रीलमधून उत्तर देता येत नाही. पण माळ कधीच नुसता नव्हता. धनगरांची मेंढरं त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चरली, आणि लांडगाही त्यांच्या मागे राहिला. बारामतीत सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारांसाठी १९९७ साली झालेलं. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. बाकीची चिंकारं कुंपणाबाहेर, कुणाच्या तरी माळावर जगतात. कडबनवाडी आणि शिर्सुफळला आता लोक गवताळ रानाची सफारी करायला येतात. गवत बघायला माणसं येतात हे मामाला अजून खरं वाटत नाही. पण माळ न मोडता राखणाऱ्याला दोन पैसे मिळायला हवेत, ही मागणी आपण करू शकतो. झाडं लावायला अनुदान मिळतं, तर गवत राखायलाही मिळालं पाहिजे.

आणि काही करायचंच असेल, हात शिवशिवतच असतील, तर शेतात करा. जी जमीन आधीच नांगराखाली आहे तिथे. बांध पेटवू नका, तणनाशकाने जाळू नका. बांधावर गवत राहू द्या. ज्वारीची पाखरं हाकलताना सगळीच हाकलू नका. माळावर गेलात तर फासे शोधा, आणि सापडले तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. हे काम कंटाळवाणं आहे, त्याची रील होत नाही. म्हणूनच ते बहुतेक कुणी करत नाही.

गेल्या पावसाळ्यात मी मामाला विचारलं, त्या एकरात पुन्हा मारवेल पेरू का. तो म्हणाला, "तू काय करू नको. शेजारचं गवत हाये, ते येईल हळूहळू. तू फकस्त मधी येऊ नको."

मी मध्ये येत नाहीये. तुम्हीही येऊ नका.