12 लाख 60 हजारांतही नको असलेले घर

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका.

विषय: माहुलच्या रिकाम्या सदनिका आणि तिथे जायला तयार नसलेले आपलेच कर्मचारी.

महोदय,

2025 साली महापालिकेने माहुलमधल्या 9,098 सदनिका स्वतःच्या कर्मचाऱ्यांना विकायला काढल्या. प्रत्येकी 12 लाख 60 हजार रुपये. घाटकोपरला एवढ्या पैशांत मोरीसुद्धा मिळायची नाही. अर्जांसाठी झुंबड उडायला हवी होती. प्रत्यक्षात प्रतिसाद इतका थंड की मुदत वाढवावी लागली. बदलापूर-विरारहून रोज दोन-दोन तास लोकलला लोंबकळत येणारा चौथ्या श्रेणीतला कामगार, हक्काचे घर समोर ठेवल्यावर हात जोडून म्हणाला, नको साहेब.

त्याला जे जाहिरात वाचताच कळले, ते आपल्या कार्यालयाला बारा वर्षांत का कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

जुने सगळे पुन्हा उगाळायची गरज नाही. फायली आपल्याकडेच आहेत. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंचे दहा-दहा मीटर मोकळे करायचे होते. न्यायालयाचा तसा आदेश होता, आणि शहराच्या पाण्याला धोका नको हे कारणही खोटे नव्हते. 2017मध्ये विद्याविहार-घाटकोपर पट्ट्यातल्या जलवाहिनीलगतच्या झोपड्यांवर तोडक कारवाई झाली. मोकळ्या झालेल्या जागेवर मुलुंडपासून शीवपर्यंत 39 किलोमीटरच्या सायकल ट्रॅकचे सुंदर नकाशेही आले. खोल्या गेलेल्यांच्या हातात मात्र माहुलच्या 225 चौरस फुटांची किल्ली आली. संकुलाचे नाव एव्हरस्माईल. हे नाव ज्याने ठेवले त्याच्या विनोदबुद्धीचा महापालिकेने एकदा जाहीर सत्कार करावा.

इमारती 72, सदनिका 17,205. तिथे गेलेली कुटुंबे साडेपाच हजारांच्या आसपास. भोवती बीपीसीएल आणि एचपीसीएल या तेलकंपन्या, आरसीएफचा खतकारखाना, टाटांचे वीजकेंद्र आणि रसायनांच्या टाक्या. खिडकी उघडली तर वास, बंद ठेवली तर उकाडा. ज्या बाया विद्याविहारला चार घरची धुणीभांडी करत, त्यांची कामे सुटली. पोरांच्या शाळा सुटल्या. त्वचेवर चट्टे, खोकला, क्षयरोग यांची यादी रहिवाशांनी स्वतःच्या वहीत ठेवली, आणि पुढे त्याच वहीत मृतांची नावेही लिहावी लागली. ती शंभराच्या वर गेल्याचे ते सांगतात. आपल्या आरोग्य खात्याला ही संख्या फुगवलेली वाटत असेल, तर त्याने घरोघरी मोजलेला आपला आकडा समोर ठेवावा. वही तपासायला द्यायला रहिवासी एका पायावर तयार आहेत.

आता आकड्यांकडे. हे कुणा आंदोलकाचे नाहीत, याची नोंद असावी.

केईएम रुग्णालय कुणाचे? आपलेच. त्याच केईएमच्या डॉक्टरांनी 2013मध्ये माहुल आणि आंबापाडा गावांत पाहणी केली. 67.1 टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती. 86.6 टक्क्यांच्या डोळ्यांची आग होत होती. 84.5 टक्क्यांना छातीत कोंडल्यासारखे वाटत होते. गावच्या कोळ्यांनी लढवलेल्या खटल्यात 18 डिसेंबर 2015 रोजी राष्ट्रीय हरित लवादाने या वस्तीच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले. म्हणजे 2013ला आपल्या रुग्णालयाने सांगितले, 2015ला लवादाने सांगितले, आणि 2017ला आपण तिथेच माणसे नेऊन ओतली. घाईगडबडीत झालेली चूक म्हणावे, तर मध्ये चार वर्षे पडली होती.

8 ऑगस्ट 2018 रोजी बीपीसीएलच्या प्रकल्पात स्फोट झाला, चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस माहुलवासी विद्याविहारला परतले आणि जिथून त्यांना उठवले होते त्याच जलवाहिनीशेजारी, रस्त्यावर बसले. घर असताना माणसे फुटपाथवर झोपायला येतात, यातून एखाद्या उपायुक्ताला तरी शंका यायला हरकत नव्हती. 23 सप्टेंबर 2019 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही असे ठरवले. महापालिकेने प्रत्येक कुटुंबाला दरमहा 15,000 रुपये भाडे आणि 45,000 अनामत द्यायची, बारा आठवड्यांत. ऑगस्ट 2020मध्ये लवादाने चार कंपन्यांवर हवा बिघडवल्याबद्दल 286 कोटींची भरपाई ठोठावली: एजिस 142 कोटी, एचपीसीएल 76.5, बीपीसीएल 67.5, सी लॉर्ड 20 लाख. तिथली हवा बिघडली याची कोटींत किंमत लागली. ती हवा जे श्वासातून घेतात, त्यांना मात्र पंधरा हजारांसाठीही न्यायालयाची पायरी चढावी लागली.

लंडनमध्ये एला किसी-डेब्रा नावाची नऊ वर्षांची मुलगी 2013 साली दम्याने गेली. तिची आई सात वर्षे भांडली, आणि डिसेंबर 2020मध्ये मृत्यूच्या कारणांत 'हवेचे प्रदूषण' हे शब्द अधिकृतपणे लिहिले गेले. माहुलच्या एका तरी मृत्यूच्या दाखल्यावर ते शब्द आहेत का, हे आपल्या आरोग्य खात्याने सांगावे. 28 जुलै 2022 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वच्छ, निरोगी पर्यावरण हा मानवी हक्क ठरला. 161 देशांनी बाजूने मत दिले, त्यात भारतही होता. न्यूयॉर्क फार लांब वाटत असेल तर घरचे उदाहरण आहे. फुटपाथवरच्या माणसाचा जगण्याचा हक्क म्हणजे उपजीविकेचाही हक्क, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985मध्ये ज्या ओल्गा टेलिस खटल्यात सांगितले, त्यातली प्रतिवादी होती मुंबई महापालिका. देशभरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो शिकवतात. आपल्या अतिक्रमण विभागात त्याची एखादी प्रत असेल का?

तर मागणी एवढीच. एव्हरस्माईलमध्ये आज किती कुटुंबे आहेत, त्यांतली किती बाहेर पडू इच्छितात, भाड्याचा आदेश कितीजणांच्या खात्यात पोहोचला, आणि ज्यांना पर्यायी घर मिळालेले नाही त्यांना ते कुठल्या वॉर्डात, कोणत्या महिन्यात मिळणार, हे लेखी कळवावे. 'प्रकरण विचाराधीन आहे' हे वाक्य रहिवाशांच्या फायलीत पुरेसे जमा झाले आहे. त्याची आणखी एक प्रत नको.

उत्तर टपालाने पाठवलेत तर इमारत क्रमांक घालायला विसरू नये. आपल्याच 72 इमारती आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच दारांवर पत्र घ्यायला कुणी नाही.

माहुलला पाठवलेले विद्याविहारकर