सरसकट मुखत्यारी नको

शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्याभोवतीच्या बाजारपेठेत, एखाद्या ठोक दुकानदाराला विचारून पाहा: बिलिंगच्या सर्व्हरचा रूट पासवर्ड, म्हणजे सर्वाधिकाराची किल्ली, कोणाकोणाला ठाऊक आहे? उत्तर ठरलेलं. "आपलीच माणसं आहेत हो." आपली माणसं म्हणजे मुनीम, त्याच्या हाताखालचा पोरगा, देखभालीचा कंत्राटदार आणि कधीच नोकरी सोडून गेलेला ऑपरेटर. हेच शेठजी प्लॉटच्या व्यवहारासाठी सख्ख्या पुतण्याला मुखत्यारपत्र द्यायचं म्हटलं तर वकिलाकडे खेटे घालतात. कोणता गट नंबर, कोणतं काम, कुठवर मुदत, सगळं कागदावर आणतात. सर्व्हरच्या बाबतीत मात्र कुलमुखत्यारपत्र चहाच्या टपरीवर तोंडी दिलं जातं, आणि ते रद्द करायचं कुणाच्या लक्षातही राहत नाही.

विश्वासाचा हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण प्रश्न विश्वासाचा नाहीच. मार्चअखेरीला हिशेबाची फाइल उडाली तर नोंदवहीत नाव दिसणार "रूट". चौघांचं मिळून एकच नाव. चोर सापडत नाही हे एक वेळ सोडा. जो निर्दोष आहे त्याला ते सिद्धही करता येत नाही. नेमक्या याच अडचणीवर सुडो हा प्रोग्राम उतारा आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो व्हॅक्स यंत्रावर लिहिला. १९९४ पासून टॉड मिलर त्याची निगा राखत आले आहेत. प्रत्येकाने स्वतःचाच पासवर्ड द्यायचा, नेमून दिलेलीच आज्ञा रूटच्या अधिकाराने चालवायची, आणि कोणी, कुठल्या टर्मिनलवरून, काय चालवलं याची नोंद आपोआप व्हायची. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे कंपन्या-संस्थांना यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. ज्या नोंदींत "रूट"शिवाय नावच नाही, त्या १८० दिवस जपून काय उपयोग?

दुसरा आक्षेप जाणत्या पोरांचा, आणि तो अर्धा खरा आहे. "लिनक्ससोबत सुडो येतोच. सोर्सवरून बांधायची हौस कशाला?" यंत्रावरच्या लिनक्सला अजून दुरुस्त्या येत असतील तर खरंच बांधू नका. पॅकेज घ्या, अपडेट चालू ठेवा, घरी जा. पण बाजारात सगळी यंत्रं तशी नसतात. सेंटओएस ६ चा आधार ३० नोव्हेंबर २०२० रोजी संपला. दोन महिनेही उलटले नाहीत तोच, २६ जानेवारी २०२१ ला, क्वालिस या कंपनीने (पुण्यात तिचं मोठं कार्यालय आहे) सुडोतलं "बॅरन सेमेडिट" हे भगदाड जाहीर केलं. ते जुलै २०११ पासून तिथेच होतं. सुडोच्या यादीत नाव नसलेला साधा वापरकर्ताही त्यातून थेट रूट होऊ शकत होता. दुरुस्ती आली १.९.५पी२ या आवृत्तीत. सेंटओएस ६ वाल्यांच्या नेहमीच्या अपडेटमध्ये ती कधीच आली नाही. "मग ओएसच बदला" हा सल्ला बरोबर आहे, आणि बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर नव्या ओएसवर चालेपर्यंत निरुपयोगीही. तोवर मूळ प्रकल्पाकडे जाऊन ताजी आवृत्ती बसवणं ही हौस नाही, जबाबदारी आहे.

इथे तिसरी मंडळी पुढे सरसावतात. "आम्ही स्वतः कंपाइल केलं, म्हणजे पक्कं!" यांच्याशी माझं भांडण सर्वांत मोठं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या साधनात लपवलेलं चोरदार उघडकीला आलं, तेव्हा ते पूर्ण चालू करणारा तुकडा उघड भांडारात नव्हता, तर बांधण्यासाठी दिलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यातच होता. गठ्ठ्यावरची डिजिटल सही जरूर तपासा. पण सही बनावट गठ्ठा ओळखते, सही करणाऱ्याची नियत नाही.

खरी गोची त्याहून साधी आहे. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल या तीन आज्ञा दिल्या की नवा सुडो काही न सांगता "यूएसआर-लोकल"च्या खाली जाऊन बसतो. पोरगा खुश. पण "यूएसआर-बिन"मधला जुना सुडो तिथेच असतो, सेटयूआयडीच्या खुणेसकट. म्हणजे तो कोणीही चालवला तरी रूटच्या अधिकारानेच सुरू होतो. भगदाड जसंच्या तसं, वर दुरुस्तीचं समाधान. यावर उपाय दोनच. कॉन्फिगरला प्रीफिक्स "यूएसआर" असा स्पष्ट सांगून नवा सुडो जुन्याच्या जागी बसवा, नाहीतर जुन्यावरची ती खूण काढा. कॉन्फिगर करताना पामचा आधार सापडला का, तेही पडद्यावर वाचा. पासवर्ड तपासण्याचं काम त्याच्याकडे असतं. हे सगळं चालू असताना एक रूट सत्र दुसऱ्या खिडकीत उघडं ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर दुरुस्त करता येईल.

एवढं करून काम संपलं असं मानणाऱ्यांनी सुडोअर्सची, म्हणजे कोणाला कोणती आज्ञा चालवता येईल ते ठरवणारी, फाइल उघडावी. बहुतेक ठिकाणी तिथे एकच ओळ सापडते: अमक्याला सर्व काही, पासवर्डशिवाय. म्हणजे तेच कुलमुखत्यारपत्र, फक्त टंकलिखित! काही हुशार लोक "सर्व काही, पण अमुक आज्ञा सोडून" असं लिहितात. तेही कुचकामी, वर्ज्य केलेल्या प्रोग्रामची दुसऱ्या नावाने प्रत काढली की बंदी संपली. मुनिमाला व्ही-आय संपादक रूटच्या अधिकाराने दिला तर त्याच्या आतूनच रूटचं शेल उघडतं. फाइल बदलायचीच असेल तर सुडोएडिट द्या. कंत्राटदाराला लागतं काय? बिलिंगची सेवा बंद-चालू करणं आणि बॅकअप घेणं. मग त्या आज्ञा पूर्ण पत्त्यासह लिहा आणि थांबा. सुडोअर्सची फाइल बदलायची ती व्हीसुडोनेच. चुकलेली ओळ तो जतन होण्याआधी दाखवतो. रूटचा पासवर्ड बदलून बंद पाकिटात तिजोरीत ठेवा.

शेठजी, आज दुकान बंद करण्याआधी एवढंच करा: देखभालवाल्याला समोर बसवून "टाइप वजा ए सुडो" ही आज्ञा द्यायला सांगा आणि यंत्रावर किती सुडो आहेत ते मोजा. मग प्रत्येकाची आवृत्ती विचारा. आकडा १.८.२ ते १.८.३१पी२ किंवा १.९.० ते १.९.५पी१ यांच्या दरम्यान आला आणि त्यावर दुरुस्तीचं पॅकेज चढल्याचा पुरावा त्याला देता आला नाही, तर त्या यंत्रावर उद्याचं पहिलं बिल दुरुस्तीनंतरच फाडा.