अंगण वाकडं?

मंडळी, मी नाशिकचा मतदार आणि महाविकास आघाडीचा पक्का माणूस, हे मी कधी लपवलं नाही. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला, तेव्हा अजमानमधल्या आमच्या घरी दिवाळीच होती. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३० जागा आघाडीला, त्यात नाशिकही! शारजाला राहणारे आमचे दाजी महायुतीवाले. त्यांना मुद्दाम पेढे नेऊन दिले.

मग आला विधानसभेचा निकाल, २३ नोव्हेंबर. शनिवार, सुट्टी. भारतात मोजणी आठला, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला. चहा घेऊन टीव्हीपुढे बसलो, नाश्त्यापर्यंत खेळ खलास. २८८ पैकी २३० जागा महायुतीला! तोंडून निघालं, "मशीनमध्येच घोळ आहे!" मुलगी म्हणाली, "बाबा, जूनमध्येही मशीनच होतं ना?"

मी पडलो इंजिनिअर. आकडा आवडला नाही म्हणून मीटरला शिव्या देणं शोभत नाही. तपासणी हवीच, पण ती जिंकल्यावरही मागायला हवी. मी जूनमध्ये फक्त पेढे मागवले.

दुसरी गोष्ट जास्त बोचली. अनिवासी भारतीयाला नाव नोंदवून मत देता येतं, पण पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर जावं लागतं. मे महिन्यात गेलो होतो. नोव्हेंबरात रजा होती, पण ती डिसेंबरच्या सहलीसाठी राखली.

संध्याकाळी दाजी पेढे घेऊन आले. खाल्ला एक. पुढच्या वेळी आधी तिकीट, मग तक्रार.