दोन ठिकाणचा ताळा



गेल्या महिन्यात आमच्या यजमानांना डोळे तपासायची तारीख मिळाली. यजमान जाऊन सहा वर्षे झाली आहेत.

झाले असे, की आम्हांला डाव्या डोळ्याने धूसर दिसू लागले. फोन करावा तर तासभर गाणीच ऐकावी लागतात. म्हणून एका दवाखान्याचा (नाव कशाला सांगा) फॉर्म कॉम्प्युटरवर भरायला घेतला. तेउदत झेहुतच्या नंबराचा रकाना आला. घरातले सगळे कागद चाळीस वर्षे आम्हीच भरले, त्यामुळे बोटे आपोआप यजमानांच्या नंबरावर गेली. बाजूला हिरवी खूण उमटली, म्हणजे बरोबर! पुढे जन्मतारीख मात्र आमची लिहिली. दोन मिनिटांत निरोप आला : शालोम, आणि यजमानांचे पूर्ण नाव, आपली वेळ मंगळवारी सकाळी साडेनऊ. ते नाव फोनवर बघितले आणि आम्ही किती तरी वेळ तशाच बसून राहिलो.

संध्याकाळी नातू आला. तो हेच शिकतो. म्हणाला, "आजी, ती हिरवी खूण दवाखान्याने दिलेलीच नव्हती. ती तुझ्याच कॉम्प्युटरने दिली."

हे समजायला बालवाचकांनी पेन्सिल घ्यावी, आजीआजोबांनी चष्मा. आपल्या नंबरात नऊ आकडे असतात. शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून काढलेला असतो. हिब्रूत त्याला सिफ्रत बिकोरेत म्हणतात. आम्ही मुंबईला शाळेत होतो तेव्हा गुणाकार झाला की मास्तर म्हणत, "ताळा करा." हा तसाच ताळा. 123456782 हा बनवलेला नंबर घ्या. आकड्यांना डावीकडून 1, 2, 1, 2 असे गुणत जायचे. गुणाकार दोन आकडी आला तर त्यातून 9 वजा करायचे. मिळते 1, 4, 3, 8, 5, 3, 7, 7, 2. बेरीज 40. दहाने नि:शेष भाग गेला, म्हणजे ताळा जमला. आता मधले 4 आणि 5 उलटे लिहा, बेरीज 32 येते, चूक सापडली! ही युक्ती आय.बी.एम. कंपनीच्या हान्स पीटर लून ह्यांची, तिचे पेटंट 1960 साली मिळाले.

हा हिशेब आपल्या समोरचा ब्राउझरच करतो, त्याला कोणाला विचारावे लागत नाही. 1995 साली नेटस्केपने आपल्या ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट आणली, तेव्हापासून असली कामे इथल्या इथे होऊ लागली. त्याआधी एक रकाना रिकामा राहिला तरी सबंध फॉर्म पार दूरच्या सर्व्हरपर्यंत जायचा आणि तोंड पाडून परत यायचा. पण बघा, यजमानांचा नंबर खोटा थोडाच होता? ताळा जमणारच. तो नंबर आमचा नाही, हे ब्राउझरला कसे कळावे? ते दवाखान्याच्या सर्व्हरलाच कळणार, कारण नावे, जन्मतारखा सगळे त्याच्यापाशी. त्याने यजमानांची नोंद उघडली, नावसुद्धा वाचले, आणि जन्मतारीख ताडून पाहिली नाही. माणूस हयात आहे का, तेही पाहिले नाही. चूक आमची होती, मान्य. पण ती पकडणे त्याचे काम होते.

आम्ही वॉर्डात होतो तेव्हा रक्ताचा नमुना पाठवताना खाटेशीच नाव विचारायचो, मनगटावरची पट्टी वाचायचो, मग नळीवर चिठ्ठी. चिठ्ठी नसलेली नळी रक्तपेढी परत पाठवायची आणि पेशंटला दुसऱ्यांदा सुई. म्हणून खाटेशी बघून घ्यायचे, त्याने पेशंटचा त्रास वाचतो. पण सिस्टरने बघितलंय, आता आपण कशाला बघा, असे रक्तपेढीने कधी म्हटले नाही. रक्तगट आणि क्रॉसमॅच ते आपले स्वतः करणारच. तिथे चूक झाली तर माणूस जातो.

नातवाने आणखी एक गंमत दाखवली. स्वतः बनवलेल्या सरावाच्या फॉर्मचा आतला मजकूर उघडला, "हा रकाना भरलाच पाहिजे" सांगणारा शब्द खोडला, आणि रिकामा फॉर्म बिनबोभाट पुढे गेला. आम्ही थक्क! तो म्हणाला, "ब्राउझर तुझ्या घरात आहे ना, मग त्याच्यात कोणीही ढवळाढवळ करू शकतो. फॉर्म न उघडताही सर्व्हरला काहीबाही पाठवता येतं. म्हणून सर्व्हरने कोणावर विश्वास ठेवायचा नसतो." मग इथली तपासणी काढूनच टाकावी का, असे विचारले तर म्हणे, "नको गं, ती तुझ्यासारख्यांच्या सोयीसाठी."

सोय म्हणावी तर तीही कधी कधी नडते. जोडनावातली छोटी आडवी रेघ एका फॉर्मला चालते, दुसऱ्याला नाही. आणि सर्व्हरने फॉर्म परत केला की भरलेले सगळे रकाने पुसून देणारे महाभाग आहेतच! त्यांना आमच्या वॉर्डात एक आठवडा ठेवायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी तासभर गाणी ऐकलीच. पलीकडची मुलगी भली होती, माफी मागितली, यजमानांची तारीख रद्द करून आमच्या नावावर गुरुवारची दिली. मोतीबिंदू निघालाच. यजमानांच्या नावाचा तो निरोप फोनमध्ये आहे अजून.

जुन्या मंडळींपैकी ज्यांचा नंबर आठच आकडी लिहिलेला असेल त्यांनी पुढे एक शून्य लावावे, मग फॉर्म कुरकुर करत नाही. आणि बालवाचकांना गृहपाठ : शेजारशेजारचे आकडे उलटे झाले तर हा ताळा चूक पकडतो, पण एकच जोडी त्याला फसवते, 09 चे 90. असे का, ते गुणून पाहा आणि आजीला समजावून सांगा.