दुखणं आणि ब्लॉक

सिझरची तारीख ठरली की नवरा-बायकोची एक्सेल शीट तयार! रूम एसी की नॉन-एसी, रजा किती, सासूबाई कधी येणार, आई कधी. एक कॉलम मात्र हमखास राहतो : नंतर दुखेल त्याचं काय? ‘सोसावंच लागतं गं’ म्हणायला अख्खं खानदान तयार असतं. (मावशी आघाडीवर.)

पाठीतल्या इंजेक्शनचा बधिरपणा दोन-चार तासांत उतरतो. मग खोकला आला, हसू आलं, बाळाला घ्यायला कुशीवर वळलं, की जीव जातो.

त्यावर भूलतज्ज्ञ हल्ली ‘ब्लॉक’ देतात. टॅप ब्लॉक २००१पासूनचा. आता सोनोग्राफीत बघत पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये, दोन्ही बाजूंना बधिरतेचं औषध सोडतात. टाक्यांचं दुखणं कमी होतं; पण दूध पाजताना गर्भाशय आकसतं, ती कळ याच्या आवाक्याबाहेर. क्यूएल ब्लॉक २००७मधला. तो पाठीकडून, जास्त खोल. आतली कळही थांबवतो असा दावा आहे, पण अभ्यासांचं त्यावर एकमत नाही. शिवाय सुई खोल जाणार, म्हणजे हात सराईत हवा.

मग कुठला घ्यायचा? थांबा, आधीचा प्रश्न वेगळाच आहे. पाठीतल्या इंजेक्शनात मॉर्फिन घालणार का? साधारण १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग, जवळपास दिवसभर आराम देतं. खाज सुटते, मळमळतं, श्वासावर लक्ष ठेवावं लागतं, हे खरं. पण ते दिलेलं असेल तर ब्लॉकने फारशी भर पडत नाही. नसेल, तर ब्लॉकचा फरक चांगलाच जाणवतो. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणं म्हणजे कागदपत्रांची कटकट. २०१४मध्ये कायदा सैल झाला, तरी ते सगळीकडे मिळत नाही. म्हणून हा प्रश्न आपल्या शहरात जास्तच महत्त्वाचा. सोनोग्राफी मशीन नसेल, तर निदान जखमेतच बधिरतेचं औषध भरता येतं, तेही विचारा.

आणि काहीही घेतलं तरी पॅरासिटामॉल आणि चालणार असेल तर दुसरी वेदनाशामक गोळी घड्याळ लावून हवी. ‘दुखलं तर सांगा’ ही सिस्टिम बेकार.

हे सगळं भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी विचारायचं, टेबलावर नाही. ब्लॉक झाला असेल, विशेषतः क्यूएल, तर कधीकधी मांडी बधिर राहते, पाय लटपटतो. पहिल्यांदा उठताना नवरोबांनी मोबाइल खिशात ठेवून हात धरावा.